घट्ट पट्टा, ढिला पट्टा

९ जानेवारी २००५, रविवार

आज दुकानाचा माळा रिकामा केला. परकराच्या कापडाचे गठ्ठे खाली आणले, उंदरांना बाहेरचा रस्ता दाखवला, खिडकी धुतली. रिद्धी म्हणाली, "काकू, एवढं नको. मशीनला थोडी धूळ चालते." मशीनला चालत असेल, मला चालत नाही.

रिद्धी माझ्या धाकट्या दिराची, माणिकचंदची, एकुलती मुलगी. पुण्यात फिजिओथेरपीचे वरचे शिक्षण घेते. सगळे झाले, प्रबंध तेवढा राहिला. त्यासाठी तिला धडधाकट माणसे हवीत, आठवड्यातून तीनदा नेमाने येणारी. पुण्यात तशी मिळेनात. पुण्याचा माणूस एकदा येतो आणि दुसऱ्यांदा फोन करतो. मी म्हटले, ओतूरला ये, मी माणसे देते. ओतूर पेठेत चाळीस वर्षे कापड विकते आहे. मी बोलावले तर माणसे येतात.

माणिकचंदची अट सगळ्या पेठेला पाठ आहे, कारण किराणा तोलताना तो ती गिऱ्हाइकांनाही ऐकवतो. मार्चअखेर प्रबंध कॉलेजात दाखल झाला, तर रिद्धीने डिग्री घ्यावी, इथेच दवाखाना काढावा, लग्नाचे पुढे बघू. नाही झाला, तर अक्षय्य तृतीयेला नगरच्या टाइल्सवाल्यांकडे लग्न. ते सुनेला कामाला पाठवत नाहीत. तसे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. मला स्पष्टपणा आवडतो. ही माणसे आवडली नाहीत.

मी स्वतः बी.ए., पुणे, १९६४. त्या डिग्रीचा उपयोग मी इन्कम टॅक्सच्या साहेबांशी बोलताना करते. रिद्धीच्या डिग्रीचा याहून बरा उपयोग व्हावा.

१२ जानेवारी, बुधवार

रिद्धीने विषय समजावला. दंडाला अगदी वर, काखेजवळ, रबरी पिशवीचा पट्टा बांधायचा. ब्लडप्रेशर बघताना बांधतात तसा. फुगा दाबून हवा भरायची. त्याने रक्त हातात थोडे कमी जाते आणि गेलेले परत यायला अडते. मग हातात हलकेसे वजन देऊन कोपरातून वर-खाली करायला लावायचे. दंडावर तारा चिकटवलेल्या असतात, त्यांतून स्नायू किती काम करतो ते मशीनच्या पडद्यावर दिसते. जपानी लोकांचे म्हणणे असे की, पट्टा बांधला तर तेवढ्याच वजनाला स्नायू कितीतरी जास्त काम करतो.

मला शंका आली. सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवा म्हणणारे असेच बोलत होते.

"असं बघ काकू," रिद्धी म्हणाली, "दुकानात गडी आहेत. रोजच्या कामाला दोघं पुरतात, बाकीचे मागे गठ्ठ्यांवर पडून असतात. आता त्या दोघांचा चहा तोडला. ते लवकर थकले. पण काम थांबवायचं नाही. मग काय होईल?"

"मागच्यांना उठावं लागेल."

"ते उठलेले मशीनला दिसतात."

आता लख्ख समजले. असले गडी मी चांगले ओळखते. आमचा गेणू जिन्यात बसून ऐकत होता, तो उठून खाली गेला.

"चहा किती वेळ तोडायचा?" मी विचारले.

"थोडाच वेळ. काम झालं की लगेच पट्टा सोडायचा. आणि आधी ब्लडप्रेशर बघायचं, वाढलेलं असेल त्याला घ्यायचंच नाही."

मी बाही वर केली. तर म्हणे वयाची मर्यादा पंचावन्न. मी एकसष्ट. ही मर्यादा कोणी घातली ते तिला सांगता आले नाही. शेवटी माझे ब्लडप्रेशर बघून, माहितीसाठी म्हणून, एकदा बांधू दिले. हात आधी जड झाला, मग दंडात आत कुठेतरी निखाऱ्यावरची राख उडावी तशी धग लागली. हातात वजन पाण्याच्या तांब्याएवढे, आणि मला वाटले मांजरपाटाचा अख्खा गठ्ठा उचलते आहे. पट्टा सोडल्यावर हात पुन्हा माझा झाला. जपानी लोक खोटे बोलत नसावेत.

१७ जानेवारी, सोमवार

माणसे जमली. आमच्या ओट्यावरचे शिंपी महंमद हनीफ. शाळेतल्या इंद्रायणीबाई. गेणू, ज्याला मी विचारले नाही, नुसते सांगितले. पिंपरी पेंढारची चिमाबाई, जी बाजारला भाजी घेऊन येते आणि उरलेल्या वेळात माझ्याकडे खण बघून न घेता जाते. आणखीही आहेत.

चिमाबाईला पटवणे जड गेले.

"रगत अडवायचं म्हंजी काय वो काकू? माझं रगत मला लागतं."

"तुझं तुलाच परत मिळेल. इथून कोणी काही घेऊन जात नाही."

"दुखतंय का?"

"गवत कापण्याइतकं."

"मंग त्यात काय. त्ये तर रोजचंच हाय. सुनंला बी आणते, बसून लई सुस्तावलीय ती."

पट्ट्यांवर घालायला जाड ड्रिल कापडाची कव्हरे हनीफभाईंनी शिवली. म्हणाले, "शेठाणी, सगळ्या बाया बाही ढिली ठेवा म्हणतात. घट्ट शिवा म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

समोरच्या मेडिकलवाल्यांचा अरिहंत ब्लडप्रेशर बघायला येतो. डी.फार्म. झाला आहे. मुलगा सरळ, पण फार मऊ. खोकल्याची बाटली देताना सुद्धा क्षमा मागितल्यासारखी देतो. आज त्याला बोलावले नव्हते तरी दोनदा आला. त्यांच्या दुकानात गर्दी नसते वाटते.

३१ जानेवारी, सोमवार

काम सुरळीत. माणसांच्या वेळा भारनियमनाप्रमाणे लावल्या आहेत. वीज जायच्या आत एक तुकडी, आल्यावर दुसरी. सूर्यास्ताच्या आत आमची जेवणे होतात, त्याआधी माळा बंद. कोणी उशिरा आले तर मी जिन्यातच विचारते. आता कोणी उशिरा येत नाही.

आज मशीनमध्ये एक दोष सापडला. माणसे यायच्या आधी रिद्धी तारा तपासते आणि त्यासाठी अरिहंतचा दंड वापरते, कारण तो तिथेच असतो. तिने त्याच्या दंडाला तार चिकटवली. वजन अजून टेबलावर होते, आणि पडद्यावरची रेघ उड्या मारू लागली. मी वायर बदलायला लावली. तीच तार गेणूला लावली, रेघ शांत. पुन्हा अरिहंतला, पुन्हा उड्या.

मी म्हटले, "याच्या अंगातच काहीतरी बिघाड आहे. याला यातून वगळ."

"वगळलंच आहे, काकू," रिद्धी म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. खिडकीतून ऊन थेट तोंडावर येते. उद्या पडदा लावते.

७ फेब्रुवारी, सोमवार

चिमाबाईने आज जिन्यात मला अडवले.

"काकू, एक इचारू का? ह्या मास्तरीणबाईंचा पट्टा घट्ट आन् माझा ढिला, असं का? त्यांचा हात लालबुंद व्हतो, माझा व्हता तसाच. मी काय कमी येते व्हय?"

मी हसण्यावारी नेले, पण वर जाऊन बघितले. चाळीस वर्षे कापडाला हात लावला आहे, ताण किती हे मला बोटाने कळते. बाईचे म्हणणे खरे. निम्म्या लोकांचे पट्टे ताठ, निम्म्यांचे नुसते बांधल्यासारखे. रिद्धी पोरगी हुशार आहे, पण घाईत असते. फुगा दाबता दाबता बोलत राहते आणि निम्म्यांचा दाबायचा विसरते.

माझ्या दुकानात पाटलीणबाई येवो की मोळी विकणारी, सर्वांना एकच भाव. तशी पाटी सासऱ्यांच्या वेळेपासून आहे. त्याच दुकानाच्या माळ्यावर एकीला घट्ट आणि एकीला ढिला, हे बरे दिसत नाही.

१० फेब्रुवारी, गुरुवार

रिद्धी पुण्याला गेली. कॉलेजात हजेरी सक्तीची आहे, पंधरवड्याने येईल. माळा अरिहंतवर सोपवून गेली. "जसं चाललंय तसंच चालू दे," एवढेच म्हणाली. बरोबर चालले आहे ते चालू ठेवायचे, चुकले आहे ते नीट करायचे, असाच याचा अर्थ.

आज पहिल्याच तुकडीला मी सर्वांचे पट्टे काट्याच्या एकाच खुणेवर आणले. ज्या खुणेवर इंद्रायणीबाईंचा असतो, तिथेच सर्वांचा. त्याहून पुढे नाही, मला ब्लडप्रेशर समजते.

अरिहंत म्हणाला, "काकू, रिद्धीनं सांगितलंय, ज्याचा जितका आहे तितकाच..."

"ती विसरते."

"ती विसरत नाही, काकू."

"तू किती ओळखतोस तिला?"

यावर त्याचे कान तेवढे लाल झाले. पडदा लावला तरी ऊन येतेच आहे. मी त्याला ब्लडप्रेशरकडे लक्ष द्यायला सांगितले आणि फुगा माझ्याकडे घेतला.

चिमाबाई पट्टा सुटल्यावर हात चोळत म्हणाली, "आत्ता कसं. आता आल्यासारखं वाटलं."

२३ फेब्रुवारी, बुधवार

रिद्धी परत आली. दुपारभर मशीनच्या पडद्यासमोर बसली. मग खाली येऊन गठ्ठ्यावर बसली आणि तिने सगळे सांगितले.

निम्म्यांचे पट्टे मुद्दाम ढिले होते. चिठ्ठ्या टाकून तसे ठरवले होते. ढिला पट्टा आणि घट्ट पट्टा यांत फरक पडतो की नाही हेच तर बघायचे होते. बघायला फरकच उरला नाही, कारण आता सगळेच घट्ट.

"म्हणजे त्या निम्म्या लोकांना तू मुद्दाम कमी देत होतीस?" मी विचारले.

"हो काकू. कमी दिल्याशिवाय, जास्त दिल्यानं काय होतं ते कळत कसं?"

हे मला कोणी आधी सांगायला हवे होते. ती म्हणाली की, सांगितले तर माणसे तसे वागतात, म्हणून कोणालाच सांगायचे नसते.

तेवढ्यात अरिहंत पुढे झाला आणि म्हणाला, चूक माझी, मी लक्ष दिले नाही. ते त्याने बरे केले. शेवटी माळा त्याच्यावरच सोपवला होता.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

जेवण गेले नाही. खिचडीत मीठ कमी होते. सून म्हणते बरोबर होते.

दुपारी रिद्धीला बोलावून सांगितले की फुगा मी दाबत होते.

ती म्हणाली, "माहीत होतं. अरिहंत जन्मात कोणाचा पट्टा घट्ट करणार नाही."

रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. मला ओरडा खायची सवय नाही, पण बसून खाल्ला असता.

१ मार्च, मंगळवार

रिद्धीला प्रबंधासाठी मार्गदर्शन करणाऱ्या पुण्याच्या मॅडमचा निकाल आला. झालेले सगळे रद्द. नवी माणसे घ्या, पुन्हा करा. मार्चअखेर गेली. प्रबंध घ्यायची पुढची तारीख दिवाळीच्या सुमारास.

माणिकचंदने दुकानातूनच नगरला फोन लावला. टाइल्सवाले सतरा एप्रिलला मुलगी बघायला येतात. मी तशीच त्याच्याकडे गेले. तो गुळाची ढेप फोडत होता.

"भाऊजी, मुलीची चूक नाही. मी केलं आहे."

"भाभी, तुम्ही केलं म्हणून मी नगरच्या लोकांना थांबवू?"

"हो."

"आणि ते म्हणाले, थांबत नाही?"

"तर थांबले नाहीत."

तो ढेप फोडत राहिला. मग म्हणाला, "बाया-बापड्यांचे दंड बांधायचे आणि मशीनला लावायचे. यातून निघतं काय, मला एकदा कोणी सांगा. नगरची माणसं विचारतील, मी काय सांगू?"

"येऊन बघा. नव्या तुकडीला एक माणूस कमीच आहे."

"मी?"

"पंचावन्नच्या आत आहात ना?"

त्याने गुळाचे हात धोतराला पुसले आणि गल्ल्यामागच्या आरशात दंडाकडे एक नजर टाकली. मी बघितले नाही असे दाखवले. फक्त आकडा भरायला येतो म्हणाला. आणि तारीख काही बदलायची नाही, हे दोनदा बजावले.

११ मार्च, शुक्रवार

नवी तुकडी सुरू. या वेळी मला फुग्याला हात लावायला बंदी आहे. रिद्धीने मध्ये चादर टांगली आहे आणि मला जिन्याच्या तोंडाशी पाण्याची कळशी देऊन बसवले आहे. माणसे बाहेर आली की पाणी द्यायचे आणि काही विचारायचे नाही. चादर माझ्याच दुकानातली, पातळ मलमल. सगळे दिसते.

माणिकचंदचा पट्टा ढिला आहे.

पहिल्या दिवशीच कळले. हवा भरून झाल्यावर त्याने कानावरची पेन्सिल काढून पट्ट्यात खोचली. ती आरामात आत गेली आणि हलवली तशी हलली. दुकानात बसून बसून त्याला कुठेही पेन्सिल खोचायची सवय लागली आहे. तो पेन्सिलीकडे बघत राहिला, मग रिद्धीकडे बघितले. ती काट्यावर डोळे लावून होती. मग तो निमूट वजन वर-खाली करू लागला. भोळा माणूस.

मी पाणी दिले. एक शब्द बोलले नाही. हे मला कितीला पडले ते माझे मला माहीत.

२५ मार्च, शुक्रवार

माणिकचंद एकही खेप चुकवत नाही. आज वीज नव्हती तरी येऊन बसला आणि रिद्धीचे काम बघत राहिला. ती एका बाईचा हात धरून समजावत होती, कोपर अंगाशी ठेवा, श्वास रोखू नका, मुंग्या आल्या तर लगेच सांगा. बाई म्हणाली, "डाक्टरीणबाई, माझा खांदा बी बघता का?" रिद्धीने खांदा बघितला. मग तिच्या मागे आणखी दोघींनी रांग लावली.

माणिकचंद खाली उतरताना मला म्हणाला, "हिला सगळ्या डॉक्टरीणबाई म्हणतात?"

"पहिल्या दिवसापासून."

"मला कोणी सांगितलं नाही."

सगळ्या पेठेची बातमी गल्ल्यावर बसून ऐकणारा माणूस, आणि ही नेमकी त्याच्या कानावरून गेली.

४ एप्रिल, सोमवार

ही काय नवी तऱ्हा. माणिकचंद तेलाचे डबे स्वतः उचलू लागला आहे. बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या. गिऱ्हाइकाला साखर देताना दंड दाखवतो. "रक्त थोडं अडवायचं, वजन हलकंच घ्यायचं. जपानी युक्ती आहे. माझ्या पोरीचा अभ्यास चाललाय," असे जो येईल त्याला सांगतो. लोकही दंड दाबून बघतात.

गेणूने आज दाबला आणि म्हणाला, "शेठ, लई टणक झालाय राव." गेणू दारावरच्या खांबालाही हेच सांगेल.

मी रिद्धीला विचारले, हे असेच चालू द्यायचे? तो ढिल्या पट्ट्याची जाहिरात करतो आहे.

"काकू, शेवटपर्यंत काही बोलायचं नाही. तू कबूल केलं आहेस."

कबूल केले आहे. पण ज्या कापडाचा रंग जातो त्याला पक्का रंग म्हणताना मी गिऱ्हाइकासमोर कोणाला उभे राहू दिलेले नाही, आणि इथे स्वतःचा दीर. हसावे की ओरडावे कळत नाही म्हणून कळशी घासली.

१७ एप्रिल, रविवार

नगरची माणसे आली. आई, वडील आणि मुलगा. मुलगा उंच, अंगाने भरलेला, बोलायला कमी. वडील सोफ्यावर बसून टाइल्सकडे बघत होते, आमच्या फरशीच्या. सगळे बोलणे आईचे. माणिकचंदने रेशमी कुडता घातला होता. रिद्धीने चहा दिला. बिस्किटे मी ठेवली.

आई म्हणाली, "शिक्षण चांगलं आहे. आता पुरे. परक्या माणसांचे दंड धरत बसायचं, हे आमच्याकडे चालायचं नाही."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई पुढे म्हणाल्या, "आणि त्या पट्ट्यानं म्हणे काही होतही नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं मी. हसले ते."

माणिकचंदने कप खाली ठेवला. "हसले?"

"हो, म्हणाले पोरखेळ आहे."

त्याने रेशमी कुडत्याची बाही वर केली. मला वाटले जमीन दुभंगावी. पाहुण्यांसमोर दंड पुढे करून म्हणाला, "हा बघा. महिन्याभराचा आहे. पोरखेळ म्हणता? या जावईबापू, पंजा लढवा."

"अहो, असं काय," बाई म्हणाल्या.

मुलगा मात्र उठला. दोघे चहाच्या टेबलाशी बसले. बिस्किटांची ताटली मी काढून घेतली. मुलाचा हात माणिकचंदच्या दुप्पट होता. थोडा वेळ दोघांचे हात मध्ये उभे राहिले. मुलाने एकदा रिद्धीकडे बघितले, एकदा आईकडे बघितले, आणि त्याचा हात हळूहळू, अगदी व्यवस्थित, टेबलाला टेकला. माझ्या मते त्याने जोर लावलाच नाही. पण माणिकचंद घामाघूम झाला होता म्हणून मी काही बोलले नाही.

मुलगा म्हणाला, "काका, खरंच फरक आहे. यांचं काम पुरं होऊ द्यावं." लग्नाला उभ्या मुलाने असे का बोलावे ते कळले नाही. हरल्याचे दुःखही दिसले नाही. उलट आल्यापासून पहिल्यांदा हसला.

माणिकचंद बाही खाली न करताच म्हणाला, "ऐकलंत? तुमचा मुलगाच म्हणतोय. आता दिवाळीपर्यंत माझ्या घरात लग्नाचा विषय नाही. पोरीचा प्रबंध होऊ दे. मग ती सांगेल तसं."

नगरची माणसे जेवायला थांबली नाहीत. दालबाटी उरली. अरिहंत ब्लडप्रेशरचे यंत्र विसरले म्हणून आला होता, त्याने बरीच खाल्ली.

२५ एप्रिल, सोमवार

शेवटची खेप शनिवारी झाली. आज रिद्धीने चिठ्ठ्यांप्रमाणे घट्ट आणि ढिले वेगळे करून सगळे आकडे मांडले. घट्ट पट्ट्याच्या लोकांचे स्नायू तेवढ्याच वजनाला स्पष्टपणे जास्त काम करताना दिसतात. ढिल्यांचे नाही. मॅडमना फोनवर सांगितले, त्या म्हणाल्या, उत्तम, लिहायला घे. रिद्धीने फोन ठेवला आणि माझ्या खांद्यावर डोके टेकले. मी तिला थोडा वेळ टेकू दिले.

मशीन उद्या पुण्याला परत जाते. सोबत अरिहंत जातो म्हणाला. मशीनची सूटकेस एकच आहे आणि तिला चाके आहेत. दोघे कशाला लागतात कोण जाणे.

मग तिने वडिलांची रेघ दाखवली. ओतूर फाट्यापासूनचा रस्ता जसा सरळ जातो तशी. पहिल्या दिवशी होती तशीच शेवटच्या दिवशी.

"पप्पांनी विचारलं तर मला खरं सांगावं लागेल," ती म्हणाली. "ज्यानं त्यानं आपलं विचारलं की सांगायचं, असा नियम आहे. आणि कळलं की ते म्हणतील, मग दिवाळीपर्यंत थांबायचं कशाला."

हे बोलणे चालू असतानाच माणिकचंद जिना चढून आला. दुकान बंद करून आला होता, पेन्सिल कानावर. मशीनचा पडदा रिद्धीने बंद केला. तो तिच्याकडे न बघता माझ्यासमोर उभा राहिला.

"काय भाभी, निघालं का काही?"

"निघालं. मॅडम उत्तम म्हणाल्या."

"हिचं काम झालं म्हणायचं?"

"लिहायचं राहिलं आहे. दिवाळीपर्यंत होईल."

"आणि माझा पट्टा? घट्टच होता ना?"

त्याने तिला विचारले असते तर तिला सांगावे लागले असते. विचारले मला, आणि मला तो नियम लागू नाही. तरीही माझ्याच्याने खोटे बोलवेना. मी म्हटले, "भाऊजी, त्या पट्ट्यात तुमच्याइतकी मेहनत कोणी केली नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग बंद पडद्याकडे, मग रिद्धीकडे. कानावरची पेन्सिल काढून खिशात ठेवली आणि दुमडलेली बाही उलगडून मनगटापर्यंत खाली आणली.

"बरं. मग दिवाळीपर्यंत मी घट्टच होता असं धरून चालतो," असे म्हणून तो हसत जिना उतरला.

धरून काय चालायचे. मी तर सरळ उत्तर दिले होते.